लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी हे भाषण वाचतोय, मोठ्याने म्हणून बघतोय, मुलांना समजावून सांगतोय. दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात आणि ते बहुतेक रास्त असतात. या भाषणाभोवती दंतकथाही पुष्कळ जमल्या आहेत. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. ज्यांनी मूळ भाषण वाचलेलं नाही त्यांनी आधी ते वाचावं, दोन-तीन मिनिटं लागतात.

हे भाषण कधी आणि कशासाठी झालं?

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, गेटिसबर्ग या गावी. अमेरिकेचं यादवी युद्ध, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं आणि देश एकसंध ठेवू पाहणारी उत्तरेतली राज्यं यांच्यातलं युद्ध, तेव्हा तिसऱ्या वर्षात होतं. साडेचार महिन्यांपूर्वी, १ ते ३ जुलै या तीन दिवसांत, याच गावाच्या शिवारात त्या युद्धातली सर्वांत रक्तरंजित लढाई झाली होती. तिथे पडलेल्या उत्तरेच्या सैनिकांसाठी नवी दफनभूमी आखली जात होती, आणि तिच्या अर्पण समारंभासाठी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन आले होते.

लढाईनंतर गावात काय उरलं होतं?

या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण भाषण कुठल्या मातीवर उभं राहून केलं गेलं हे कळल्याशिवाय त्यातला 'इथे' हा शब्द कळत नाही.

गावची वस्ती सुमारे २,४००. दोन्ही बाजूंचे मिळून मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता झालेले सैनिक सुमारे ५१,०००. सैन्यं पुढे निघून गेली आणि हे सगळं गावाच्या पदरात पडलं. चर्च, शाळा, घरं, धान्याची कोठारं यांची इस्पितळं झाली. मेलेल्यांना घाईघाईने जिथे पडले तिथेच, हातभर मातीखाली पुरलं होतं. ओळख म्हणून एखाद्या फळीवर पेन्सिलने लिहिलेलं नाव. जुलैच्या पावसाने माती वाहून गेली की हातपाय उघडे पडत. हजारो घोडे मरून पडले होते आणि दुर्गंधीने गावकऱ्यांना खिडक्या उघडता येत नव्हत्या.

डेव्हिड विल्स नावाच्या स्थानिक वकिलाने राज्याचे गव्हर्नर अँड्र्यू कर्टिन यांच्या वतीने पुढाकार घेतला, १७ एकर जमीन घेतली आणि मृतदेह उकरून तिथे नीट पुरायचं काम सुरू केलं. ठेका एका मृतदेहामागे १ डॉलर ५९ सेंट या दराने गेला. प्रत्यक्ष खोदण्याचं काम बेसिल बिग्ज या गावातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने आणि त्याच्या माणसांनी केलं. सॅम्युअल वीव्हर नावाचा देखरेख करणारा माणूस प्रत्येक खड्ड्यापाशी उभा राहायचा आणि खिसे तपासायचा. एखादं पत्र, बायबलचं छोटं पुस्तक, कंगवा, जे मिळेल ते नाव-नंबर घालून घरच्यांसाठी बांधून ठेवायचा. अंगातले कपडे पाहून मृत सैनिक उत्तरेचा की दक्षिणेचा हे ठरवलं जायचं.

समारंभाच्या दिवशी यातलं निम्म्याहून जास्त काम बाकी होतं. ते पुढच्या मार्चपर्यंत चाललं. लिंकन भाषणात 'अपुरं राहिलेलं काम' म्हणतात तेव्हा त्यांचा रोख अर्थातच वेगळा आहे, पण समोर बसलेल्यांना खड्डे आणि मातीचे ढीग दिसत होते.

लिंकन मुख्य वक्ते नव्हतेच, हे खरं का?

खरं आहे. मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट. मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर, माजी परराष्ट्रमंत्री, हार्वर्डचे माजी अध्यक्ष आणि त्या काळातले नावाजलेले वक्ते. समारंभ आधी ऑक्टोबरात ठरत होता, पण एव्हरेटना तयारीला वेळ हवा होता म्हणून तो नोव्हेंबरात ढकलला. लिंकनना निमंत्रण गेलं ते २ नोव्हेंबरच्या पत्राने, आणि त्यात विनंती होती 'समयोचित चार शब्द' बोलण्याची.

एव्हरेट हातात कागद न घेता सुमारे दोन तास बोलले. त्यांचं भाषण वाईट नव्हतं, आजकाल त्यांची उगाच टिंगल होते. त्यांनी लढाईचा दिवसवार वृत्तांत मांडला, आणि लोक तोच ऐकायला आले होते. मग लिंकन उठले आणि दोन-अडीच मिनिटांत खाली बसले. दुसऱ्याच दिवशी एव्हरेटनी त्यांना लिहिलं की, आपण दोन मिनिटांत प्रसंगाच्या गाभ्याच्या जितके जवळ गेलात तितका मी दोन तासांत गेलो असं मला म्हणता आलं तर आनंद होईल. लिंकनचं उत्तरही तितकंच मनमोकळं होतं: काल आपल्या दोघांच्या भूमिका अशा होत्या की तुम्ही थोडक्यात आटोपलं असतं तर चाललं नसतं आणि मी लांबवलं असतं तरी चाललं नसतं.

त्यांनी ते रेल्वेत, पाकिटाच्या पाठीवर लिहिलं होतं ना?

नाही. ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण खोटी आहे. पहिल्या मसुद्याचं पहिलं पान राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या कागदावर शाईने लिहिलेलं आहे. शेवटचा हात गेटिसबर्गला, विल्सच्या घरी मुक्कामाला असताना फिरवला असावा.

त्याहून मोठा पुरावा म्हणजे कल्पना चार महिने त्यांच्या डोक्यात घोळत होती. ७ जुलैच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये विजयाच्या आनंदात लोक वाजतगाजत त्यांच्या दाराशी आले, तेव्हा ते ऐनवेळी जे बोलले त्यात 'किती वर्षं झाली बरं, ऐंशीहून काही अधिक' असं वाक्य आहे. नोव्हेंबरात त्याच अडखळत्या वाक्याची भाषणाची पहिली ओळ झाली.

'सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी' अशी सुरुवात का?

मूळ शब्द 'सत्त्याऐंशी' नाहीत. 'फोर स्कोअर अँड सेव्हन' म्हणजे चार विसा आणि सात. आपल्याकडची जुनी माणसं विसांनी मोजायची तसंच. इंग्रजी बायबलमध्ये माणसाचं आयुष्य याच पद्धतीने 'तीन विसा आणि दहा' असं मोजलेलं आहे, आणि ऐकणाऱ्यांच्या कानात ती लय होती. म्हणजे देशाचं वय सांगता सांगता सुचवलं गेलं की ते एका माणसाच्या आयुष्याहून फार मोठं नाही.

१८६३ मधून ८७ वजा करा, १७७६ येतं. हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वर्ष, राज्यघटनेचं नव्हे. हा फरक मुद्दाम केलेला आहे. गुलामगिरीला घटनेने त्या वेळी थारा दिला होता, तर जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत' हे वाक्य होतं. लिंकननी देशाचा जन्म त्या वाक्यापासून धरला.

आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. जाहीरनाम्यात समानता हे 'स्वयंसिद्ध सत्य' आहे. लिंकन त्याला 'प्रपोझिशन' म्हणतात, म्हणजे सिद्ध करून दाखवायचं विधान. त्यांनी चाळिशीच्या आसपास युक्लिडची भूमिती हट्टाने शिकली होती, प्रमेय मांडणं आणि ते सिद्ध करणं यातलं अंतर त्यांना ठाऊक होतं. हा देश ज्या प्रमेयाला वाहिलेला आहे ते अजून सिद्ध व्हायचं आहे, आणि इथे पडलेली माणसं त्या सिद्धतेच्या कामी आली, असा तो विचार आहे.

एकाही सैनिकाचं नाव न घेता हे भाषण त्यांचा गौरव कसा करतं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. भाषणात नाव नाही, पलटण नाही, सेनापती नाही, 'गेटिसबर्ग' हा शब्दसुद्धा नाही. शौर्याचं वर्णन म्हणावं तर 'शूर' हे एक विशेषण.

रचना बघा. आधी लिंकन म्हणतात, ज्यांनी देश जगावा म्हणून इथे प्राण दिले त्यांच्या विसाव्यासाठी या रणभूमीचा एक तुकडा अर्पण करायला आपण आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. इथे कुणीही सामान्य वक्ता पुढे फुलं उधळत गेला असता. लिंकन मात्र 'पण' म्हणतात आणि हात मागे घेतात. खोल अर्थाने पाहिलं तर ही भूमी अर्पण करणं, पवित्र करणं, वंदनीय करणं आपल्याला शक्यच नाही. जे इथे झुंजले, जिवंत आणि मेलेले, त्यांनी ती केव्हाच पवित्र करून ठेवली आहे. आपण त्यात भर घालू शकत नाही आणि त्यातून काही काढूही शकत नाही.

देशाचा सर्वोच्च माणूस, सेनेचा सरसेनापती, समारंभासाठी खास बोलावलेला, उभा राहून सांगतो की या समारंभाला मी काही देऊ शकत नाही, ते यांनी आधीच दिलं आहे. मेलेल्यांना एवढा मोठा मान मी दुसऱ्या कुठल्याच भाषणात पाहिलेला नाही. त्यांना पदक देणारा कुणी वर बसलेला नाही. उलट बोलणाराच त्यांच्यापुढे खाली उतरला आहे.

मग भाषण वळतं. त्यांनी आपलं काम केलं, उरलेलं काम आपलं. शेवटचं वाक्य चांगलं ऐंशीच्या आसपास शब्दांचं आहे आणि त्यातलं सगळं ओझं जिवंत माणसांच्या खांद्यावर जातं: त्यांच्याकडून आपण निष्ठा घ्यायची, त्यांचं मरण व्यर्थ जाऊ द्यायचं नाही, स्वातंत्र्याला नवा जन्म मिळाला पाहिजे.

मला यातली एक गोष्ट नेहमी हलवते. 'तुमचा मुलगा अमर झाला' असं ते कुठल्याही आईला सांगत नाहीत. तिचा मुलगा गेलेला आहे हे ते मान्य करतात आणि तो ज्यासाठी गेला ते पूर्ण करण्याची हमी मागतात, स्वतःकडून आणि समोरच्या गर्दीकडून.

मराठीत अनुवाद करताना काय निसटतं?

'डेडिकेट' हा शब्द भाषणात सहा वेळा येतो. देश एका तत्त्वाला डेडिकेट, जमीन मृतांना डेडिकेट, आणि शेवटी आपण स्वतः कामाला डेडिकेट. एकच क्रियापद जमिनीवरून माणसांवर सरकतं, हीच भाषणाची चाल आहे. अनुवादात एकदा 'समर्पित', एकदा 'अर्पण', एकदा 'कटिबद्ध' असं केलं की चाल मोडते.

आपल्याकडे त्यासाठी एक सुरेख क्रियापद आहे: वाहणं. फुलं वाहतात, श्रद्धांजली वाहतात, आणि माणूस कामाला स्वतःला वाहून घेतो. 'ही भूमी त्यांना वाहायला आपण आलो, पण ती वाहणारे आपण कोण? उरलेल्या कामाला आपणच स्वतःला वाहून घ्यायचं आहे.' असं केलं तर मूळची चाल बरीचशी राहते.

शत्रूबद्दल ते काय म्हणतात?

काहीच नाही. युद्ध चालू आहे, समोरचं सैन्य अजून लढतंय आणि सरसेनापतीच्या भाषणात 'शत्रू', 'बंडखोर', 'दक्षिण' यांतला एकही शब्द नाही. 'मी' एकदाही नाही. 'आम्ही-आपण' या अर्थाचा 'वुई' दहा वेळा आहे, 'राष्ट्र' पाच वेळा आणि 'इथे' आठ वेळा.

एकजूट बांधायचे दोन रस्ते असतात. एक सोपा, समोरच्याबद्दल संताप पेटवायचा. तो लवकर पेटतो, पण यादवी युद्धात त्याची अडचण अशी की समोरचा उद्या पुन्हा आपलाच नागरिक व्हायचा आहे. लिंकननी दुसरा घेतला: सर्वांना आपलं म्हणता येईल असं काम पुढे ठेवलं. शिवीगाळ नसल्यामुळे हे भाषण पुढे दक्षिणेतल्या मुलांनाही पाठ करता आलं.

मग गुलामगिरीचा उल्लेख का नाही?

शब्द नाही, विषय आहे. त्याच वर्षी १ जानेवारीला लिंकननी गुलामांच्या मुक्तीची घोषणा जारी केली होती आणि कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात भरती होत होते. 'सगळी माणसं समान' आणि 'स्वातंत्र्याचा नवा जन्म' हे शब्द नोव्हेंबर १८६३ मध्ये ऐकणाऱ्याला त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. विरोधी वृत्तपत्रांना तो लगेच कळला. शिकागो टाइम्सने तर आरोपच केला की सैनिक घटनेसाठी मेले, समानतेसाठी नव्हे, आणि लिंकन देशाच्या संस्थापकांची बदनामी करत आहेत.

तरीही माझं मत असं आहे की इथे भाषणाने काहीतरी बाकी ठेवलं. दक्षिणेचं सैन्य पेन्सिल्व्हेनियात शिरलं तेव्हा स्वतंत्र कृष्णवर्णीयांना पकडून दक्षिणेला नेत होतं. त्या भीतीने गेटिसबर्गचे कृष्णवर्णीय रहिवासी घरं सोडून पळाले होते, बिग्जचं कुटुंबही त्यांत होतं. तोच बिग्ज परतून कबरी खोदत होता. या माणसांबद्दल व्यासपीठावरून कुणी बोललं असतं तर भाषण छोटं झालं नसतं. गुलामगिरीचं नाव घेऊन, ती युद्धाचं कारण आहे असं लिंकन उघड बोलले ते ४ मार्च १८६५ च्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात. दोन्ही भाषणं एकत्र वाचावीत असं मी नेहमी सांगतो.

'लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी' हे मूळ लिंकनचंच का?

शब्दयोजना अगदी नवी नव्हती. अमेरिकी सिनेटर डॅनियल वेबस्टर आणि धर्मोपदेशक थिओडोर पार्कर यांच्या भाषणांत तिची जवळची रूपं आधी आली होती. लिंकननी तिला जी जागा दिली ती नवी. आपण ती नागरिकशास्त्रात लोकशाहीची व्याख्या म्हणून पाठ करतो, पण भाषणात ती व्याख्या नाहीच. पूर्ण वाक्य आहे की असं राज्य 'पृथ्वीवरून नाहीसं होणार नाही'. तिच्यात भीती आहे. १८६३ साली हा प्रयोग खरोखर बुडेल असं अनेकांना वाटत होतं.

लोकांना भाषण आवडलं का? टाळ्या पडल्या का?

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या वार्तांकनात मध्ये मध्ये टाळ्यांची नोंद आहे, काही उपस्थितांच्या आठवणीत मात्र शांतता आहे. सुमारे १५,००० माणसं उभी होती आणि भाषण संपलं हेच अनेकांच्या लवकर लक्षात आलं नाही. वृत्तपत्रांची मतं पक्षाप्रमाणे पडली. मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड रिपब्लिकनने मनापासून वाखाणलं. हॅरिसबर्गच्या पॅट्रियट अँड युनियनने ते 'खुळचट' ठरवलं, आणि त्याच्या वारसदार वृत्तपत्राने २०१३ मध्ये, दीडशे वर्षांनी, ते मत जाहीरपणे मागे घेतलं.

भाषण करतानाचा फोटो आहे का?

बोलतानाचा नाही. गर्दीच्या एका फोटोत लिंकन बसलेले दिसतात, उघड्या डोक्याने, आणि तेही १९५२ साली जुनी काचेची निगेटिव्ह मोठी करून पाहिल्यावर सापडलं.

मूळ प्रत कुठे आहे?

लिंकनच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आहेत आणि पाचही थोड्या वेगळ्या. ज्यांच्याकडे त्या गेल्या त्यांच्या नावांनी ओळखल्या जातात: जॉन निकोले, जॉन हे, एव्हरेट, बॅनक्रॉफ्ट, ब्लिस. पहिल्या दोनांत 'देवाच्या छायेत' हे शब्द नाहीत, पण त्या दिवशीच्या बातमीदारांच्या टिपणांत आहेत, म्हणजे ते बोलताना घातले गेले असणार. पाठ्यपुस्तकांत येतो तो सहसा ब्लिस प्रतीतला मजकूर, सुमारे २७२ शब्द, दहा वाक्यं. ती प्रत व्हाइट हाउसमध्ये आहे.

या भाषणाने खरोखर एकजूट झाली का?

एका दिवसात नाही. उत्तरेतलीच अवस्था बघा: त्याच वर्षी जुलैत सक्तीच्या भरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली, शंभराहून अधिक माणसं मेली आणि कृष्णवर्णीय मुलांचं अनाथालय जाळलं गेलं. भाषणानंतरही युद्ध जवळजवळ दीड वर्ष चाललं. पुढच्या वर्षी लिंकन पुन्हा निवडून आले, पण त्याचं श्रेय बरंचसं रणांगणावरच्या विजयांना जातं.

भाषणाने केलं ते वेगळं. युद्ध कशासाठी चाललंय याचं एक उत्तर दिलं, आणि ते कुठल्याही शेतकऱ्याला घरी जाऊन बायकोला सांगता येईल इतकं छोटं होतं. पुढच्या पिढ्यांनी ते हुंडीसारखं वटवायला घेतलं. २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकापुढे उभे राहिले, तेव्हा त्यांनी 'पाच विसा वर्षांपूर्वी' अशीच सुरुवात केली.

शहीद जवानांच्या कार्यक्रमात बोलायचं आहे. यातून काय घेता येईल?

वाक्यं उचलू नका, क्रम घ्या. आधी आपण कोण आणि कुठून आलो, मग आज इथे कशासाठी जमलो, मग आपल्याला काय करता येत नाही याची कबुली, आणि शेवटी काय करायचं उरलंय. कबुलीची पायरी लोक गाळतात आणि नेमकं तिथेच भाषण पोकळ होतं. समोर वीरपत्नी, आईवडील बसलेले असतात. त्यांचं दुःख आपल्या शब्दांनी भरून निघेल असा आव आणला की त्यांना तो पहिल्या वाक्यात कळतो. आणि उरलेलं काम सांगताना ते खरं सांगा, करता येण्यासारखं.

अनोळखी सैनिकांचं काय झालं?

दफनभूमीत ३,५१२ सैनिक पुरले गेले. विल्यम सॉन्डर्स यांनी आखणी अर्धवर्तुळाकार केली, राज्यवार विभाग पाडले, आणि अधिकारी-शिपाई असा भेद ठेवला नाही. दगड सारखे, रांगा सारख्या. निघण्याआधी लिंकननी हा आराखडा पाहिला होता. दक्षिणेचे मृत मात्र शेतातच राहिले, १८७० नंतर त्यांतले बहुतेक दक्षिणेकडे नेले गेले.

एका सैनिकाची हकिकत सांगतो. लढाई संपल्यावर गावातल्या एका रस्त्यालगत त्याचा मृतदेह सापडला. अंगावर नाव नाही, पलटणीचा क्रमांक नाही. हातात काचेवर घेतलेला एक फोटो होता: तीन लहान मुलं, मधलं अगदी तान्हं दिसणारं. मरताना तो त्यांच्याकडे पाहत होता हे उघड होतं. वर्तमानपत्रांत तेव्हा फोटो छापता येत नसत, म्हणून 'हा कुणाचा बाप होता' असं विचारत मुलांच्या चेहऱ्यांचं, कपड्यांचं वर्णन छापलं गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी फिलिंडा ह्युमिस्टन या बाईने ते वाचलं. तिने नवऱ्याला असा फोटो पाठवला होता आणि जुलैपासून त्याचं पत्र नव्हतं. तिने लिहिलं, उलट टपाली फोटोची प्रत आली. सार्जंट एमॉस ह्युमिस्टन, १५४ वी न्यूयॉर्क पलटण. मुलांची नावं फ्रँक, अ‍ॅलिस आणि फ्रेड. हे कळलं ते त्याच नोव्हेंबरात, लिंकन गेटिसबर्गला आले त्याच सुमारास.

न्यूयॉर्कच्या विभागात त्याच्या दगडावर आज त्याचं नाव आहे. ९७९ जणांच्या दगडावर फक्त आकडा आहे.